वाचकांचे प्रश्न : घरावरचे कर्ज आणि घरातली माणसे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घरखर्चासाठी झालेल्या कर्जाविषयी आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत आणि पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे यजमान सातपूरच्या एका कारखान्यात आहेत. त्यांच्या हाती ४६,००० रुपये येतात. मी घरी ब्लाउज शिवते आणि फॉल-पिको करते, त्याचे साधारण ९,००० मिळतात. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि ७६ वर्षांच्या सासूबाई आहोत. घरभाडे ९,००० आहे. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १,४२,००० रुपये थकले आहेत आणि दरमहा आम्ही फक्त किमान रक्कम, म्हणजे ७,१०० रुपये भरतो. वैयक्तिक कर्जाचे २,६०,००० बाकी आहेत, व्याज १४ टक्के, हप्ता ९,८००. दागिने तारण ठेवून ९०,००० घेतले आहेत. फ्रिजचे २,४०० रुपयांचे पाच हप्ते राहिले आहेत. दिरांकडून ५०,००० हातउसने घेतले आहेत. महिनाअखेरीस चार-पाच हजार कमी पडतात, ते पुन्हा कार्डावरूनच भागवावे लागतात. विषय काढला की यजमान उठून बाहेर जातात. सासूबाईंना काहीच माहीत नाही. आम्ही खूप काटकसर करतो, तरी कर्ज कमी होत नाही. उरलेले सोने विकावे का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही सगळे आकडे एका कागदावर उतरवून पाठवलेत, हे काम बहुतेक घरांत वर्षानुवर्षे होत नाही. त्या आकड्यांची बेरीज ५,५४,००० रुपये होते. ही बेरीज यजमानांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे का, हे पत्रावरून कळत नाही. पाहिली नसेल, तर काटकसरीचा कोणताही बेत आखण्यापूर्वी ती दोघांनी मिळून पाहणे आवश्यक आहे.

काटकसर करूनही कर्ज का कमी होत नाही, याचे उत्तर कार्डाच्या देयकात आहे. तुमच्या कार्डांवर महिना साडेतीन टक्के व्याज लागते असे तुम्ही सोबत जोडलेल्या देयकावरून दिसते. १,४२,००० वर ते ४,९७० रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८९५ रुपये. म्हणजे तुम्ही भरलेल्या ७,१०० रुपयांतून ५,८६५ व्याजात आणि करात जातात आणि मुद्दलातून फक्त १,२३५ रुपये वजा होतात. त्याच महिन्यात चार-पाच हजारांची नवी खरेदी कार्डावर झाली की मुद्दल पुन्हा वाढते. शिवाय आधीची बाकी थकलेली असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, तिच्यावर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. तुमची काटकसर खरी आहे, पण तिचा पैसा कर्जापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून पहिले पाऊल असे, की दोन्ही कार्डांचा वापर आजपासून थांबवावा आणि ही थकबाकी कमी व्याजाच्या कर्जात बदलून घ्यावी. यजमानांच्या कारखान्यात पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था असेल आणि ते सभासद असतील, तर तिथे जामीनकी कर्ज मिळू शकते. समजा ते १२ टक्क्यांनी आणि २४ हप्त्यांत मिळाले, तर १,४२,००० रुपयांचा हप्ता सुमारे ६,६८४ रुपये येईल. आज तुम्ही भरत असलेल्या किमान रकमेपेक्षाही तो कमी आहे आणि दोन वर्षांनी तो संपतो. त्यात एकूण व्याज साधारण १८,४०० रुपये जाईल. कार्डावर आजच्या बाकीने एका वर्षाचेच व्याज आणि कर मिळून ७० हजारांच्या घरात जातात. पतसंस्था नसेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी अर्ज करून थकबाकीचे हप्ते पाडून मागावेत, मात्र त्यांचा व्याजदर आणि प्रक्रिया शुल्क आधी कागदावर घ्यावे. यात एक धोका आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे : कार्डांची बाकी फेडून झाल्यावर ती बंद केली नाहीत, तर वर्षभरात पतसंस्थेचे कर्जही राहते आणि कार्डांवरही पुन्हा थकबाकी चढते. ज्या दिवशी बाकी शून्य होईल त्याच दिवशी कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा.

पतसंस्थेच्या कर्जाला दोन जामीनदार लागतील. बहुतेक लोक जामीनदाराला अर्धीच गोष्ट सांगतात. तुमच्या यजमानांनी त्यांना पूर्ण हिशेब दाखवावा असा माझा आग्रह आहे. हप्ता थकला तर त्यांच्या पगाराला कात्री लागणार आहे, त्यामुळे सत्य जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे. पण याचा दुसरा फायदाही होतो. ज्या माणसाने आजवर हा विषय कोणाशीच बोललेला नाही, त्याला रोज शेजारच्या मशीनवर काम करणारी दोन माणसे अशी मिळतात, ज्यांच्यापासून काही लपवायचे उरत नाही. घरी विषय निघाला की बाहेर जाणारा माणूस बहुधा बेफिकीर नसतो, तो शरमेने दबलेला असतो, आणि ही शरम बायकोसमोर बोलण्याआधी बरोबरीच्या मित्रासमोर अनेकदा सैल होते.

घरातल्या बोलण्यासाठी वेळ ठरवून घ्यावी. रात्री जेवताना, मुलांसमोर किंवा पाळीवरून दमून आल्या आल्या हा विषय काढू नये. पगार झाल्यानंतरचा पहिला रविवार, सकाळचा अर्धा तास, एवढे पुरेसे आहे. एक साधी वही करावी, प्रत्येक कर्जाला एक पान द्यावे, आणि त्या महिन्यात किती भरले व किती बाकी राहिले हे आळीपाळीने लिहावे, म्हणजे एक महिना तुम्ही आणि एक महिना त्यांनी. कोणते कर्ज कोणामुळे झाले ही चर्चा त्या अर्ध्या तासात करायची नाही, हा नियम दोघांनी पाळावा. उत्तेजन द्यायचे तर ते नेमके असावे. ‘तुम्ही खूप करता’ यापेक्षा ‘या महिन्यात तुम्ही रोज डबा नेलात म्हणून कँटीनचे पैसे वाचले आणि ते मी या पानावर लिहिले आहेत’ हे वाक्य माणसाला पुढचा महिना ढकलायला बळ देते. त्यांनीही तुमच्या शिलाईच्या पैशांची अशीच दखल घ्यावी. ९,००० रुपये ही रक्कम तुमच्या मोठ्या कर्जाच्या संपूर्ण हप्त्याच्या जवळपास आहे.

सासूबाईंना सांगावे असे मला वाटते. ७६ वर्षांच्या बाईंनी १९७२ चा दुष्काळ ऐन तरुणपणी पाहिलेला असतो. मिलोची भाकरी आणि सुकडीच्या दिवसांत ज्या पिढीने घरे चालवली, तिला पाच लाखांचा आकडा ऐकून धक्का बसेल, पण ती कोलमडणार नाही. आपल्याला न सांगता घरात काहीतरी चालले आहे ही भावना म्हाताऱ्या माणसाला जास्त छळते. त्यांना रक्कम सांगा, ती कशी फिटणार हेही सांगा आणि एखादे काम त्यांच्याकडे सोपवा. भाजीचा खर्च त्यांच्या हाती दिलात तर तो बहुधा कमीच होईल.

आता काटकसरीकडे येऊ. तुम्हाला दरमहा सुमारे ५,००० रुपये वाचवायचे आहेत, आणि पहिल्या पाच महिन्यांत ही बचत कर्जात भरण्यासाठीही नाही, केवळ कार्डाला हात लागू नये यासाठी आहे. एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचा गहू, तांदूळ आणि डाळ भरून ठेवावी असा सल्ला तुम्हाला अनेक जणी देतील. तो सल्ला हाती रोख असणाऱ्या घरासाठी चांगला आहे. तुम्ही मात्र वर्षाची बेगमी कार्डावर करू नये. तीन महिन्यांचे धान्य ठोक दुकानातून रोखीने घ्यावे आणि शेजारणीबरोबर गोणी वाटून घेता आली तर घ्यावी. विजेच्या देयकावर मागच्या महिन्यांची युनिटे छापलेली असतात, ती पाहावीत. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतरच्या प्रत्येक युनिटाचा दर बराच चढा असतो, त्यामुळे १२०-१३० युनिटे येणाऱ्या घराने वाचवलेली वरची २०-३० युनिटे ही महाग युनिटे असतात. गावी जाताना खासगी गाडी करू नये. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, म्हणजे सासूबाईंचे तिकीटच लागत नाही.

पण स्वयंपाकघर आधीच घट्ट चाललेल्या घरात तिथून फारसे निघत नाही. तुमच्या जमाखर्चात मला दोन ठिकाणी खरी जागा दिसते. मुलाच्या वाढदिवसाला हॉल घेऊन १४,००० रुपये खर्च झाले आणि गेल्या लग्नसराईत आहेर, साड्या आणि मानपान यांत ११,००० गेले. हे दोन्ही खर्च हौसेपेक्षा लोक काय म्हणतील या धाकाने अधिक होतात, आणि म्हणूनच ते एकट्याने कमी करता येत नाहीत. दोन वर्षे आम्ही आहेर घेणार नाही आणि देणार नाही, पण प्रत्येक कार्याला आदल्या दिवशी हजर राहून हाताने काम करू, असे दोन्हीकडच्या नातेवाइकांना आधीच सांगून टाकावे. कोणीतरी नाक मुरडेल. पण त्याच नातेवाइकांत तुमच्यासारखीच अडचण असलेली दोन-तीन घरे नक्की असतील, आणि त्यांना हे वाक्य प्रथम कोणीतरी उच्चारण्याचीच वाट असते. मुलाचा वाढदिवस घरी करावा, त्याच्या चार मित्रांना पावभाजी करून घालावी. मुलांची प्रत्येक मागणी मोडून काढू नये. दरमहा ५०० रुपये केवळ हौसेसाठी वेगळे ठेवावेत आणि ते कशावर खर्चायचे हे मुलांना ठरवू द्यावे, कारण अडीच वर्षे नुसत्या नकारावर कोणतेही घर चालत नाही.

फेडण्याचा क्रम असा ठेवता येईल. पाच महिन्यांनी फ्रिजचे हप्ते संपले की ते २,४०० रुपये दुसरीकडे वळू न देता सोनेतारण कर्जात भरावेत. ९०,००० वर तुम्ही कळवलेल्या ११ टक्क्यांनी महिन्याला ८२५ रुपये व्याज होते. बँक ते वर्षअखेरीस मागत असली तरी तुम्ही दरमहा भरावे आणि उरलेली रक्कम मुद्दलात जमा करायला सांगावे. दिवाळीला मिळणारा साधारण २०,००० रुपयांचा बोनस दोन्ही वर्षे याच कर्जात भरला, तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दागिने जवळजवळ सुटलेले असतील. तेव्हा पतसंस्थेचा हप्ताही संपेल आणि त्या ६,६८४ रुपयांतून उरलेले सोनेतारण व दिरांचे पैसे देता येतील. वैयक्तिक कर्जाचे अजून ३२ हप्ते आहेत, ते आपल्या गतीने जाऊ द्यावेत. दिरांना मात्र आजच भेटून सांगावे, की पैसे तिसऱ्या वर्षी मिळतील. बिनव्याजी दिलेल्या माणसाला तारीख न सांगणे हे त्याच्यावर अन्यायाचे आहे, आणि त्यांची तयारी नसेल तर हा क्रम बदलावा लागेल.

सोने विकण्याविषयी : पतसंस्थेचे कर्ज मिळत असेल तर विकू नये. दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही. कर्ज मिळाले नाही आणि कार्डाचे व्याज तसेच चालू राहणार असेल, तर घरात पडून असलेले वेढणे किंवा नाणे विकून कार्ड फेडणे शहाणपणाचे ठरेल. मंगळसूत्राचा विचार मनातून काढून टाकावा.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने मोबाइलवरील चार ॲपमधून मिळून १,३०,००० रुपये कर्ज घेतल्याचे मला वसुलीवाल्यांच्या फोनवरून समजले. ते रात्री दहा वाजता मला फोन करतात. माझी ६ लाखांची मुदत ठेव मोडून हे मिटवावे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपली काळजी समजते, पण भीतीपोटी ठेव मोडू नये. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, तसेच नातेवाइकांना गाठून कर्जदाराची बदनामीही करता येत नाही. फोनची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवावेत. ज्या बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे कर्ज असेल तिच्याकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. १४४४८ हा त्यांचा संपर्क क्रमांक आहे. ॲपच्या मागे कोणतीही मान्यताप्राप्त संस्था नसेल, छायाचित्रे पसरवण्याच्या धमक्या येत असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तातडीने कळवावे.

मुलाशी बोलताना पहिला प्रश्न ‘कशाला घेतलेस’ हा नसावा. ‘सगळे मिळून किती आहे’ हा असावा. लाजेपोटी मुले चारपैकी तीनच कर्जे सांगतात आणि चौथे सहा महिन्यांनी वर येते. त्यासाठी त्याला त्याचा पतअहवाल काढायला सांगावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो आणि त्यात मान्यताप्राप्त संस्थांची कर्जे दिसतात.

मदत करायचीच असेल, तर ठेव मोडण्याऐवजी ठेवीवर कर्ज काढावे. त्याचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा सहसा एक-दोन टक्केच अधिक असतो. रक्कम मुलाच्या हाती न देता थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात भरावी आणि प्रत्येकीकडून कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला घ्यावा. ‘कमी रकमेत मिटवून टाकू’ असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. तडजोडीने मिटलेले कर्ज पतअहवालात तसेच नोंदले जाते आणि पुढे घरकर्जाच्या वेळी आडवे येते. त्यानंतर मुलाने आपल्या खात्यात दरमहा ठरावीक हप्ता भरावा. बापाने मुलाकडून हप्ता घेणे कठोर वाटेल, परंतु स्वतःच्या पगारातून फेडलेले कर्ज त्याला पुन्हा मान वर करू देते. दर महिन्याला हप्ता आला की आपण फोन करून ‘मिळाला’ एवढे जरूर सांगावे आणि मग इतर गोष्टी बोलाव्यात.

प्रश्न : गावातील एकाकडून महिना ५ टक्क्यांनी ४०,००० घेतले. तीन वर्षे व्याजच भरत आहे. कोठे दाद मागावी?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : महिना ५ टक्के म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, आणि परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ व विनातारण कर्जावर १२ टक्के, तर इतरांकडून अनुक्रमे १५ व १८ टक्के, यांहून अधिक व्याज घेता येत नाही. तीन वर्षांत तुम्ही ७२,००० रुपये दिलेले आहेत. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी अर्ज द्यावा. पैसे दिल्याच्या नोंदी, फोनवरील संदेश, साक्षीदार जे असेल ते सोबत द्यावे. एकट्याने जाण्याचा धीर होत नसेल तर त्याच माणसाच्या देण्यात अडकलेल्या आणखी दोघांना बरोबर घ्यावे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर यापुढे सही करू नये.

प्रश्न : आम्ही एका शाळेतील सहा शिक्षक आहोत. प्रत्येकावर काही ना काही कर्ज आहे. एकमेकांना धीर देऊन ते फेडावे असा विचार आहे. आमची बारा जणांची ५,००० रुपयांची भिशीही चालू आहे. हे कसे करावे?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : हा विचार अतिशय मोलाचा आहे आणि महाराष्ट्राला नवा नाही. गिरणगावात कामगारांना खाणावळीचे जेवण घालणाऱ्या बाया वाण्याच्या आणि सावकाराच्या देण्यात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांचे गट बांधले, राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले, आणि गटातल्या बाया एकमेकींच्या परतफेडीच्या पाठीशी उभ्या राहिल्या. पुढे बचत गटांनी हीच पद्धत गावोगाव नेली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी ही त्यांची पंचसूत्री आहे.

तुमच्या गटाने त्यातील अंतर्गत कर्ज हे सूत्र मात्र वगळावे. सहाही जण कर्जात असताना एकमेकांना उसने देणे सुरू झाले, की महिन्याभरात बैठकीला येणे टाळले जाऊ लागते. महिन्यातून एकदा भेटावे, प्रत्येकाने हप्ता भरल्याची पावती दाखवावी आणि उरलेली बाकी मोठ्याने वाचावी. एखाद्याचा हप्ता चुकला तर कारण विचारण्याआधी पुढच्या महिन्यात त्याला कशाची मदत हवी हे विचारावे. एकाच्या दुचाकीवर दोघांनी शाळेत जाणे, मुलांची पुस्तके एका घरातून दुसऱ्या घरात देणे, सहलीची वर्गणी सर्वांनी मिळून नाकारणे अशी मदत पैशांशिवायही करता येते. गटात ऐकलेले बाहेर, अगदी शिक्षकांच्या खोलीतही, बोलायचे नाही. ज्याला हे जमणार नाही त्याला नम्रपणे गटाबाहेर ठेवावे.

भिशीविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज भरणाऱ्याने त्याच वेळी भिशीत ५,००० रुपये बिनव्याजी ठेवणे तोट्याचे आहे. पण तुमच्या भिशीतील बाराही जण तयार असतील तर पुढच्या फेरीत चिठ्ठ्या न काढता, ज्याचे कर्ज सर्वांत महाग आहे त्याला पहिला क्रमांक द्यावा. त्याला ६०,००० रुपये बिनव्याजी मिळतील, त्यातून तो कार्ड बंद करील आणि उरलेले अकरा महिने हप्ते भरील. पहिली रक्कम उचलून पुढे हप्ते न देणारा एखादा निघाला तर भिशीही मोडते आणि मैत्रीही, म्हणून रक्कम उचलणाऱ्याने तसे लिहून द्यावे, ती सर्वांसमोर त्याच्या कर्जखात्यात भरली जावी आणि एकाने तरी त्याची हमी घ्यावी. बारांपैकी एकाची जरी या बदलाला मनापासून संमती नसेल, तर चालू फेरी आहे तशी पूर्ण करावी आणि नवी फेरी सहा जणांचीच सुरू करावी.